हाकेला ओ देणारा डबा

गेल्या जुलैतली संध्याकाळ. जयपुरातल्या विद्याधर नगरच्या आमच्या गच्चीवर मी आणि माझी नात बसलो होतो. एका अंगाला नाहरगडची डोंगररांग, दुसरीकडे दूर दक्षिणेला सांगानेरचा विमानतळ. तिच्या हातात फोन होता आणि त्यावर विमानं दाखवणारं ॲप. सांगानेरला उतरणाऱ्या एका विमानाचे आकडे ती मोठ्याने वाचत होती. दोन हजार शंभर, एकोणीसशे, सतराशे पन्नास. तोवर नकाशावरचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं होतं.

"आजोबा, जयपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1,263 फुटांवर आहे ना? मग टेकायला आलेलं विमान सतराशेच्या वर कसं दाखवतंय?"

प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. महिन्याभरात ती धुळ्याला विमान चालवायला शिकायला जाणार होती. आणि ज्या डब्याने ते आकडे आकाशातून धाडले, त्या ट्रान्सपाँडरशी माझा पस्तीस वर्षांचा घरोबा. मुंबईच्या रेडिओ शॉपमध्ये मी हे डबे उघडले, जुळवले, तपासले आणि सही करून विमानात परत बसवले. कामाची अक्कल मला आमच्या अण्णांनी दिली. ते शॉपमधले सर्वांत जुने. फार बोलत नसत, पण एकेक वाक्य कानात असं घालत की ते पुन्हा निघत नसे.

त्या रात्री मी नातीला अण्णांची ती वाक्यं सांगितली, सोबत माझ्या अनुभवाची दोन-चार. तिला सांगितली तशीच इथे लिहितो. कुणाचं पोरगं या वाटेने निघालं असेल तर त्याच्याही उपयोगी पडतील.

डबा तुझा, पण बोलतो दुसऱ्यासाठी

बाळ, कॉकपिटमधली बाकीची यंत्रं तुझ्याशी बोलतात. वेग किती, दिशा कोणती, तेल किती उरलं, ते तुला सांगतात. ट्रान्सपाँडर तुला जवळजवळ काहीच सांगत नाही. तो तुझ्याविषयी जगाला सांगतो. इंजिन खोकलं तर तुला लगेच कळेल. हा डबा मुका झाला किंवा चुकीचं बोलू लागला, तर तुझं विमान पहिल्यासारखंच उडत राहील आणि तुला पत्ताही लागणार नाही. फटका बसेल तो दुसऱ्याला, आणि मग दोघांना.

12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ आमच्या पिढीतला कुणी विसरलेला नाही. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोइंग 747 वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीकडे उतरत होतं. सौदियाला 14,000 फुटांपर्यंत परवानगी होती, कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायचं होतं. ते थांबलं नाही, खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. दिल्लीच्या ॲप्रोच कंट्रोलरपुढे तेव्हा फक्त प्राथमिक रडार होतं. त्यावर दोन ठिपके दिसत होते, पण कुठला ठिपका किती उंचीवर आहे हे पडद्यावर दिसायची सोय नव्हती. उंची कळायची ती वैमानिक रेडिओवर सांगेल तेवढीच. त्या अपघातानंतर आपल्याकडे दुय्यम रडार आलं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि ट्रान्सपाँडरबरोबर टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा मोठ्या विमानांना बंधनकारक झाली.

तुझ्या डब्याच्या पाठीमागे ही 349 माणसं उभी आहेत. त्याला हात लावताना ती आठव.

हाक आणि ओ यांतला फरक ओळख

नाहरगडाकडे तोंड करून ओरडलं की थोड्या वेळाने आपलाच आवाज परत येतो. प्राथमिक रडार तेच करतं. हाक मारतं आणि विमानाच्या पत्र्यावर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकतं. प्रतिध्वनी समोर काहीतरी आहे एवढंच सांगतो. कोण आहे आणि किती उंचीवर आहे, हे तो सांगत नाही. शिवाय जाताना क्षीण झालेला आवाज येताना आणखी क्षीण होतो.

दुय्यम रडारचं तसं नाही. ते हाक मारतं आणि विमानातला डबा स्वतःच्या बळावर ओ देतो. हाक 1030 मेगाहर्ट्झवर जाते, उत्तर 1090 वर येतं. हाकेत दोन ठोके असतात आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून डब्याला प्रश्न कळतो. 8 मायक्रोसेकंदांचं अंतर असेल तर "तू कोण?", 21 चं असेल तर "तू किती उंचीवर?" पहिल्याला मोड ए म्हणतात, दुसऱ्याला मोड सी. उत्तर येतं ते दोन चौकटीच्या ठोक्यांमध्ये बसवलेल्या बारा ठोक्यांच्या जागांत. कुठल्या जागी ठोका आहे आणि कुठल्या जागी नाही, यात सगळा मजकूर. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. एका सागरी मैलाला जाऊन-येऊन 12.36 मायक्रोसेकंद लागतात. डबा प्रश्न ऐकून उत्तर द्यायला 3 मायक्रोसेकंद घेतो, तेवढे वजा करतात.

हल्लीचे मोड एसचे डबे याहून शहाणे. प्रत्येक विमानाला 24 बिटांचा स्वतःचा पत्ता असतो, म्हणून रडार सगळ्यांना हाक न मारता नेमक्या एकालाच नाव घेऊन बोलावतं. एडीएस-बी तर हाकेची वाटही बघत नाही. जीपीएसवरून काढलेली आपली जागा तो आपणहून सांगत राहतो. तुझ्या फोनवरची विमानं तिथूनच येतात.

पण अण्णा म्हणत तेच खरं. डबा नवा असो की जुना, त्याला विचारायचं एवढंच: हाक ऐकतोस का, आणि खरं बोलतोस का?

चार आकडे आधी ऐक, मग फिरव

कंट्रोलर तुला चार आकडी कोड देईल. त्यात आठ आणि नऊ कधीच नसतील. बारा ठोक्यांचे तिनाचे चार गट पडतात, आणि तीन ठोक्यांत शून्य ते सात एवढेच आकडे मावतात. आठ गुणिले आठ गुणिले आठ गुणिले आठ केलं की 4,096 कोड होतात, त्याहून एकही जास्त नाही. म्हणून रेडिओवर आठ किंवा नऊ ऐकू आला तर तू चुकीचं ऐकलंस असं समज आणि पुन्हा विचार. कोड परत वाचून दाखवल्याशिवाय डब्याला हात लावू नकोस.

तीन कोड पाठ हवेत: 7500 म्हणजे अपहरण, 7600 म्हणजे रेडिओ बंद पडला, 7700 म्हणजे संकट. हे लागले की खालच्या पडद्यावर लगेच इशारा उमटतो. म्हणून आकडे बदलताना चुकूनही यांच्यावरून जाऊ नकोस. समज, डब्यावर 1500 आहे आणि तुला 7300 लावायचाय. पहिला आकडा आधी फिरवलास की मध्येच 7500 लागला. तेवढ्यात रडारची हाक आली तर तू अपहरणाचा संदेश धाडलास. म्हणून आधी दुसरा आकडा फिरव, 1300 कर, मग 7300. नव्या डब्यांना बटणं असतात, त्यांत हा धोका कमी. पण शिकाऊ विमानांत गोल खुंट्यांचे जुने डबे अजून भेटतात.

आणि 'आयडेंट'चं बटण सांगितल्याशिवाय दाबायचं नाही. ते दाबलं की तुझ्या उत्तराला एक जादा ठोका जोडला जातो आणि काही सेकंद पडद्यावर तुझा ठिपका उठून दिसतो. कंट्रोलर गर्दीतून एकालाच हात वर करायला सांगतो, तेव्हा दुसऱ्याने हात वर केला तर घोटाळा होतो.

कोड लावण्याला 'स्क्वॉक' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखण्यासाठी हे यंत्र आलं, तेव्हा त्याचं सांकेतिक नाव पोपट होतं. पोपटाचं ओरडणं म्हणून स्क्वॉक. अण्णांना ही गोष्ट आवडायची. म्हणायचे, पोपटाला जे शिकवाल तेच तो बोलतो, म्हणून शिकवणाऱ्याने जपावं.

खुंटी 'ऑल्ट'वर आहे का, बोट ठेवून बघ

डब्याला साधारण चार जागा असतात: बंद, स्टँडबाय, ऑन आणि ऑल्ट. स्टँडबायवर डबा तापतो, पण बोलत नाही. ऑनवर आपला कोड सांगतो, उंची सांगत नाही. ऑल्टवर कोडही सांगतो आणि उंचीही.

'ऑन'वर विसरलेला डबा धोक्याचा असतो, कारण तो बोलतोय असं वाटतं. समोरून येणाऱ्या मोठ्या विमानातला टीकॅस तुझ्या डब्याला हाक मारतो आणि तुझ्या उत्तरावरून हिशेब करतो. तुझी उंचीच कळली नाही तर तो त्यांच्या वैमानिकाला "जवळ कुणीतरी आहे" एवढंच सांगू शकतो. "वर जा" किंवा "खाली जा" असा आदेश त्याला देता येत नाही. आणि डबा स्टँडबायवर असेल तर तू त्याच्या लेखी आकाशात नाहीसच.

29 सप्टेंबर 2006 ला ब्राझीलच्या जंगलावर हेच घडलं. 37,000 फुटांवर गोल कंपनीचं बोइंग 737 आणि एक छोटं लेगसी जेट समोरासमोर आले. लेगसीचा ट्रान्सपाँडर उत्तर देत नव्हता. तपासात निघालं की तो नकळत स्टँडबायवर गेला होता. त्यामुळे दोन्ही विमानांत टीकॅस असूनही दोन्ही गप्प राहिले. बोइंगमधली 154 माणसं गेली. लेगसी मोडक्या पंखाने एका धावपट्टीवर उतरलं.

म्हणून सवय लावून घे. धावपट्टीवर जाण्याआधी डब्यावर बोट ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं: कोड अमुक, ऑल्ट. हवेत मधूनमधून नजर टाकायची. उत्तराचा छोटा दिवा लुकलुकतोय म्हणजे कुणीतरी हाक मारतंय आणि डबा ओ देतोय. जुन्या डब्याला आणि उंची मोजणाऱ्या एन्कोडरला तापायला काही मिनिटं लागतात. इंजिन सुरू केल्याबरोबर त्याच्याकडून खऱ्या उंचीची अपेक्षा धरू नकोस.

उंची म्हणजे हवेचं वजन

आता गच्चीवरच्या तुझ्या प्रश्नाकडे येऊ.

डबा फूटपट्टीने उंची मोजत नाही. उंची मोजतो तो एन्कोडर. त्याच्या पोटात दाब ओळखणारा भाग असतो. जुन्या यंत्रांत ती पातळ पत्र्याची हवाबंद डबी असते. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि डबी फुगते, खाली आलं की दबते. त्या हालचालीचे आकडे करून एन्कोडर ते ट्रान्सपाँडरला देतो. मोड सीमध्ये हे आकडे शंभर-शंभर फुटांच्या पायऱ्यांनी जातात, मोड एसमध्ये पंचवीस फुटांच्या पायऱ्याही शक्य असतात.

या एन्कोडरचा एक हट्ट आहे. समुद्रसपाटीचा दाब तो कायम 1013.25 हेक्टोपास्कल धरतो. तू अल्टिमीटरवर त्या दिवशीचा दाब लाव, चुकीचा लाव, अगर लावायचा विसर, डब्यातून जाणाऱ्या आकड्यात तिळभर फरक पडत नाही.

जुलैत आपल्याकडे दाब उतरलेला असतो. समज, त्या संध्याकाळी जयपूरला समुद्रसपाटीचा दाब 998 होता. 1013 पेक्षा पंधरा हेक्टोपास्कल कमी. खालच्या थरात एका हेक्टोपास्कलला साधारण 27-28 फूट पडतात, म्हणजे चारशेच्या वर फूट झाले. जमिनीचे 1,263 फूट, त्यात हे चारशे आणि टेकण्याआधीचे शेवटचे पन्नास मिळव, की तुझे सतराशेच्या वरचे आकडे आले. विमान बरोबर होतं, डबा बरोबर होता, तुझा फोनही बरोबर होता. फक्त तो आकडा त्या दिवशीच्या हवेचा हिशेब न लावलेला कच्चा आकडा होता.

तू विचारशील, मग हा हट्ट कशासाठी? प्रत्येकाने आपापला दाब लावून उंची पाठवली असती तर एकाच्या चुकीने सगळं आकाश बिघडलं असतं. सगळ्यांनी एकाच मापाने कच्चा आकडा पाठवायचा आणि खालच्या संगणकाने त्या दिवशीचा दाब धरून तो सुधारायचा, यात न्याय आहे. वरच्या आकाशात तर सगळेच अल्टिमीटर 1013 वर ठेवतात. तिथे 29,000 ते 41,000 फुटांमध्ये दोन विमानांच्या थरांत फक्त हजार फुटांचं अंतर ठेवतात. सगळ्यांचं माप एक असल्याशिवाय हे जमलं नसतं.

याचा व्यवहारातला उपयोग सांगतो. कंट्रोलर म्हणाला, "तुमची उंची पडद्यावर वेगळी दिसते," तर आधी तुझा अल्टिमीटर बघ. आज सांगितलेला दाब लावलाय का? बहुतेक वेळा चूक तिथेच सापडेल. तो बरोबर असेल आणि फरक तीनशे फुटांच्या वर असेल तर कंट्रोलर सांगेल, "स्टॉप स्क्वॉक चार्ली, राँग इंडिकेशन." म्हणजे मोड सी बंद कर, उंची चुकीची येतेय. लगेच ऑल्टवरून ऑनवर ये, आणि उतरल्यावर विमानाच्या नोंदवहीत लिही. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. न लिहिता विमान दुसऱ्याच्या हाती देण्यात मात्र आहे.

भोक करंगळीएवढंही नाही, पण सगळं त्यावर

हा अण्णांचा सर्वांत मोठा मंत्र. तो सांगताना ते हातातलं काम खाली ठेवत.

उद्या सेसना 172 जवळ गेलीस की डाव्या बाजूला, दरवाजाच्या पुढे बघ. पत्र्यावर एक छोटी चकती आणि तिच्यात बारीक भोक दिसेल. त्याला स्टॅटिक पोर्ट म्हणतात. बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो. एकच नळी पुढे अल्टिमीटरला, वेग दाखवणाऱ्या यंत्राला, चढउतार दाखवणाऱ्या यंत्राला आणि बहुधा एन्कोडरलाही जाते. सगळ्यांचा कान तो एकच.

तो कान बुजला की सगळे मिळून एकच खोटं बोलतात. आणि एकमेकांशी जुळणारं खोटं खऱ्यासारखं दिसतं.

2 ऑक्टोबर 1996 ला पेरूमध्ये एरोपेरू कंपनीचं बोइंग 757 मध्यरात्रीनंतर लिमाहून निघालं. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. वर गेल्यावर सगळी यंत्रं वेड्यासारखी वागू लागली. खाली काळोखा समुद्र, डोळ्यांना काही दिसत नाही. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली. त्याने पडद्यावर बघून प्रामाणिकपणे सांगितलं, 9,700 फूट. पण पडद्यावरचा तो आकडा विमानाच्याच ट्रान्सपाँडरने पाठवला होता, त्याच बुजलेल्या कानाने ऐकलेला. थोड्याच वेळात विमानाचा पंख पाण्याला लागला. 70 माणसं गेली.

बाळ, रडारवरची तुझी उंची म्हणजे दुसऱ्याची साक्ष नव्हे. तुझंच म्हणणं फिरून तुझ्याकडे येतं. डबा खोटं बोलत नाही, पण त्याच्या कानावर जे पडतं तेच बोलतो.

म्हणून उड्डाणाआधी विमानाभोवती फिरशील तेव्हा स्टॅटिक पोर्टशी थांब. वाक, डोळा जवळ ने, बोटाने चकतीभोवती चाचप. राजस्थानात मे-जूनमध्ये आंधी येते, बारीक रेती कुठेही शिरते. धुळ्याकडे कुंभारीण माशी भेटेल, तिला असली भोकं घरटं बांधायला फार आवडतात. पावसानंतर पाण्याचा थेंब अडकतो. विमान धुतलं किंवा रंगवलं असेल तर चिकटपट्टी शोध. झाकण लावायचं तर ते भडक रंगाचं, लोंबत्या लाल पट्टीचं असावं, पत्र्यात मिसळून जाणारं नको.

भोक बुजलेलं दिसलं तर तोंडाने फुंकायचं नाही, हवेच्या पंपानेही नाही. टाचणी घालायची नाही. त्या फुंकरीने आतली नाजूक यंत्रं कायमची बिघडू शकतात. मेकॅनिकला बोलव. पाच मिनिटांचा उशीर झाला तर होऊ दे.

आणि कॉकपिटमध्ये पर्यायी स्टॅटिकची खुंटी कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून घे.

हँगरात उभं विमान आकाशात उडवू नकोस

हा मंत्र मी चूक करून शिकलो. मुंबईतल्या एका हँगरात आम्ही एका छोट्या विमानाची दाबतपासणी करत होतो. स्टॅटिकच्या नळीला पंप लावून हवा ओढायची. यंत्रांना वाटतं विमान वर चाललंय. मग अल्टिमीटर आणि एन्कोडर जुळतात का बघायचं. मी आठ हजार फुटांपर्यंत 'चढवलं' होतं आणि डबा ऑल्टवर होता. थोड्या वेळात रडार कंट्रोलचा फोन आला. आठ हजार फुटांवर न हलणारं विमान दिसतंय, ते कुणाचं?

माझे हातपाय गार पडले. वरून जाणाऱ्या एखाद्या विमानाच्या टीकॅसने आमचं उभं विमान खरं मानलं असतं तर भरल्या विमानाच्या वैमानिकाने आम्हाला चुकवायला नाक वर-खाली केलं असतं. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी डबा स्टँडबायवर टाकला, कपाटातून अँटेनावर घालायची टोपी आणली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतर ती टोपी घातल्याशिवाय मी कधी पंपाला हात लावला नाही.

तुझ्या मित्रमैत्रिणींपैकी कुणी देखभालीचं शिकत असेल तर त्याला आणखी एक सांग. एकाच उंचीवर आकडा जुळला म्हणून सही करू नये. जुन्या एन्कोडरपासून डब्यापर्यंत नऊ-दहा तारांची वेणी जाते. तिच्यातला कोड असा बांधलाय की एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना एकच तार बदलते, म्हणजे मधल्या क्षणी भलताच आकडा जात नाही. पण एखादी तार तुटली तर काही उंचींवर सगळं ठीक दिसतं आणि पुढे आकडा अचानक उडी मारतो. खालपासून वरपर्यंत पायरी-पायरीने चढवा आणि तसंच उतरवा. अल्टिमीटर 1013 वर ठेवून दोघांतला फरक 125 फुटांच्या आत हवा. अमेरिकेत ही तपासणी दर 24 महिन्यांनी सक्तीची आहे. आपल्याकडे विमानाच्या मंजूर देखभाल कार्यक्रमात तिची मुदत दिलेली असते, ती वाचावी.

पोटाखाली वाकून बघ

ट्रान्सपाँडरची अँटेना विमानाच्या पोटाखाली असते. जुन्या विमानात टोकाला मणी असलेला, चार बोटांएवढा दांडा, नव्यात माशाच्या पराएवढं पातं. तिची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. 1090 मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग म्हणजे सातेक सेंटिमीटर. म्हणून दांडा वाकला, मुळाशी गंजला किंवा इंजिनचं तेल आणि चिखल यांचा थर चढला की डब्याचा आवाज बसतो. स्वच्छ फडक्याने पुसायचं, रंग लावायचा नाही. आणि रडारवर एका बाजूने दिसत नाही अशी तक्रार आली तर आधी इथे वाक. डबा उघडायची वेळ बहुतेकदा येत नाही.

साक्ष दोन जागची घे

  तुला मी जयपूरच्या जंतर मंतर वेधशाळेत नेलं होतं ते आठव. ती बांधणाऱ्या राजा सवाई जयसिंहांकडे पितळेची लहान यंत्रं होतीच. त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतो आणि मापं चुकतात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं बांधली. सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे. राजाने स्वतःच्या यंत्रावर शंका घेतली आणि दुसऱ्या यंत्राने ती तपासली, हे मला त्या दगडांत सर्वांत मोठं वाटतं.

तूही तसंच कर. निघण्याआधी अल्टिमीटरवर त्या दिवशीचा दाब लाव आणि तो धावपट्टीची उंची दाखवतो का ते बघ. हवेत गेल्यावर कंट्रोलर उंची विचारेल, तेव्हा डोळ्यांनी बघून सांग, अंदाजाने नको. त्याचा पडदा आणि तुझा आवाज जुळले तरच तो पडद्यावर भरवसा ठेवतो. यंत्रं एकमेकांशी जुळत असूनही काही खटकलं, तर ज्याचा कान वेगळा आहे अशा साक्षीदाराला विचार: खिडकीबाहेरचं क्षितिज, जीपीएसची उंची, इंजिनची ताकद आणि विमानाचं नाक.

शेवटचं सांगतो. पस्तीस वर्षांत मी दुरुस्त केलेले बहुतेक डबे आतून बिघडलेले नव्हतेच. कुठे भोक बुजलं होतं, कुठे तार निसटली होती, कुठे अँटेना तेलकट झाली होती, कुठे खुंटी चुकीच्या जागी होती. तार सोडली तर बाकी तिन्ही गोष्टी विमानाभोवती एक फेरी मारून आणि एकदा बोट ठेवून सापडतात. ती फेरी कधी चुकवू नकोस. वर तू एकटी नसशील, आणि ज्यांना तू दिसत नाहीस ते तुझ्या ओ वर विसंबून उडत असतील.